जातो म्हणायचा उन्हाळा

वाडीच्या चौकात कूलरच्या गवताचे ढीग लागले की समजायचं, उन्हाळा नुसता आला नाही, बसला. नागपूरहून निघणाऱ्या अमरावती रोडच्या कडेला विकणारे ते सोनेरी, कुरळं गवत पसरून बसतात. ट्रक जवळून गेला की त्यातल्या काड्या उडतात आणि चालणाऱ्याच्या केसांत अडकतात. घरोघरी कूलर खाली उतरतात. जुनं गवत ओढून काढलं की मागच्या वर्षीची धूळ आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे पापुद्रे झडतात. मग नवं गवत भरायचं, जाळी लावायची, पंप पाणी ओढतो का ते पाहायचं. पहिल्यांदा पाणी फिरतं तेव्हा ओल्या गवताचा एक वास सुटतो. लोकांना त्या वासानं थंड वाटत असेल. मला तो वास आला की मी इथे राहत नाही. मी त्या वार्डाच्या बाकावर जाऊन बसते.

नागपूरच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा दवाखाना आहे. त्यातल्या एका इमारतीला बाहेरून कुलूप असे. माझा धाकटा भाऊ गुणवंत त्या कुलपाच्या आत होता. त्या सबंध उन्हाळ्यात मी दर गुरुवारी त्याला भेटायला गेले. मला त्या उन्हाळ्यात दुसरं काहीच नको होतं. गुणा कुलपाच्या बाहेर यावा, एवढंच.

मी एका गोडाऊनात फाटलेली पोती शिवते. दाभण, सुतळी आणि बारदान्याची धूळ. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं. गुरुवारची सुट्टी मागायला मला जितकं बोलावं लागे, तितकं मी उरलेल्या आठवड्यात बोलत नसे. मुकादमासमोर उभी राहिले की वाक्य अर्ध्यातच तुटे. शेवटी तोच म्हणायचा, "जा बाई, समजलं." तोंडाला दुपट्टा बांधायचा, ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा टाकायचा आणि बस धरायची. बस बदलताना कधी वेळ मिळाला तर जरीपटक्याच्या बाजारात उतरून गुणासाठी सुती बंडी घ्यायची. बंडीच्या मानेला जे छापील कापड शिवलेलं असतं ते मी बसमध्येच दातानं टाके तोडून काढत असे. ते मानेला टोचलं की गुणा बंडी फाडून टाकतो. दुकानदाराला हे कसं सांगणार? शेजारी बसलेल्या बाया बघायच्या. मी खिडकीकडे तोंड करायची. खिडकीतून झळ यायची, आणि रस्त्यावर कोणीच नसायचं.

आमचं गाव मौद्याच्या अलीकडे. वीटभट्ट्यांच्या उंच चिमण्या आमच्या शेताच्या बांधावरून दिसतात. लहानपणी गुणा त्या चिमण्यांच्या धुराकडे पाहत तासन्‌तास बसे. कोणी हाक मारली तर वळत नसे. पण घरात भांडं पडलं तर कान दाबून ओरडे. चिंचोके एकाला एक लावून अंगणभर रांग करी, आणि त्या रांगेवर कोंबडीनं पाय दिला की दिवसभर जेवत नसे. भात वेगळा, वरण वेगळं. दोन्ही ताटात एकमेकांना लागले की ताट परत. गावातले लोक त्याला येडा गुणा म्हणत. आईला ते चालत नसे. ती म्हणायची, "येडा नाई तो. सरळ हाय." शाळेनं त्याला पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं. मी चौथी पास झाले तेव्हा आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जात होती आणि गुणाजवळ कोणीतरी बसायला हवं होतं, म्हणून मी बसले. मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन न बोलणारी माणसं एका सावलीत बसली होती, एवढंच.

उन्हाळ्यात आई सरगुंडे करायची. बोरूच्या बारीक काड्यांवर कणकेची बत्ती गुंडाळायची आणि काड्या ओढून घेऊन ती नळीसारखी वेटोळी खाटेवर वाळत घालायची. गुणा खाटेच्या खाली उताणा पडून दोऱ्यांमधून वर पाहायचा. त्याच्या तोंडावर उन्हाचे चौकोन पडलेले असायचे. तसा सुखी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आई गेल्यावर मी त्याला वाडीला आणलं. माझे मालक ट्रकवर ड्रायव्हर आहेत. महिन्यातले थोडे दिवस घरी, बाकी रस्त्यावर. त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही. म्हणाले, "राहू दे. घरात कोणी तरी माणूस असलं म्हणजे तुलेही बरं." पण वाडी गुणाची जागा नव्हती. आमच्या खोलीच्या मागेच ट्रान्सपोर्टची गोडाऊनं. ट्रक मागे घेताना त्यातून एक गाण्याची धून वाजते, तीच ती, पुन्हा पुन्हा. गुणा कूलरला चिकटून बसे. कूलरच्या घरघरीत ती धून बुडून जाई. मग एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला आणि बाहेर ट्रक मागे येत राहिला. मी गोडाऊनात होते. गुणा बाहेर गेला, कोणाची तरी चाक खोलायची लोखंडी टॉमी उचलली आणि ट्रकची काच फोडली. काच ड्रायव्हरच्या कपाळात घुसली.

त्या माणसाचा मला कधी राग आला नाही. तो कपाळ धरून रस्त्यात बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, माझं काय चुकलं. त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. नंतर पोलीस आले, मग कोर्ट झालं, मग तो कुलपाचा वार्ड.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला पहिल्यांदा तो शब्द सांगितला. स्वमग्न. त्या म्हणाल्या, हे वेड नाही, त्याची घडणच अशी आहे, लहानपणापासून. इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही का, असं त्यांनी विचारलं. कोण सांगणार होतं? तो शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवला. कामात मग्न, भजनात मग्न. मग्न हा शब्द मला आजवर कुठे वाईट अर्थानं भेटला नव्हता. आई सरळ म्हणायची, मॅडम स्वमग्न म्हणाल्या. येडा म्हणणारं गाव तेवढं दूर गेल्यासारखं वाटलं.

वार्ड वाईट नव्हता. कुलूप होतं, खिडक्यांना गज होते, पण वाईट नव्हता. गुणासारख्या थोड्या माणसांच्या खाटा एका बाजूला वेगळ्या होत्या. प्रत्येकाच्या खाटेजवळ भिंतीवर चित्रांची एक पट्टी. आंघोळीची बादली, मग ताट, मग गोळी, मग फिरायला जाणारा माणूस. आता काय होणार आणि मग काय होणार, ते त्यात दिसे. गुणा त्या पट्टीकडे बघून स्वतः उठायला लागला होता. आवाज झाला तर कानावर लावायला जाड गाद्यांचे हेडफोन होते. भेटीची खोली वार्डाला लागूनच, मधलं दार उघडं. तिथे एक मोठा कूलर होता, आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर बाकावर बसायचो. तो कूलरकडे तोंड करून, मी त्याच्याकडे. पाण्याचे बारीक थेंब त्याच्या भुवयांवर बसायचे. अर्धा तास कोणी काही बोलत नसे. मला त्या अर्ध्या तासात कधी एकटं वाटलं नाही.

इमारतीच्या मागे कडुनिंबाच्या झाडांपलीकडे एक बसकं कौलारू घर होतं. त्याला कुलूप नव्हतं. सगळे त्याला मागचं घर म्हणायचे. वार्डात सुधारलेली माणसं तिथे राहत, स्वतःचे कपडे धूत, रोपवाटिकेत काम करत. सोबतीला माणूस असे, पण दार उघडं. मॅडम म्हणाल्या होत्या, गुणवंत तिथे जाऊ शकतो. कोर्टालाही तसं कळवता येईल. फक्त त्याचे गुरुवार सुधारले पाहिजेत.

गुरुवार म्हणजे माझा वार.

वार्डातले अटेंडन्ट बापूराव यांनी मला ते आडपडदा न ठेवता सांगितलं. बुधवारपर्यंत पोरगं सोन्यासारखं असते, तुम्ही येऊन गेल्या की बिघडते. मी निघाले की गुणा जाळीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. जेवणाची घंटा झाली तरी हलत नाही. हात धरून न्यायला गेलं तर मारतो. अंधार पडायला लागला की जाळीवर डोकं आपटायला लागतो. मग इंजेक्शन. मग सगळा शुक्रवार झोपेत. मी गुरुवारी येई तेव्हा त्याच्या कपाळावर मागच्या गुरुवारचं टेंगूळ पिवळं पडलेलं असे. मला वाटत होतं तो कुठे तरी पडतो.

मॅडमनी मला आत बोलावलं. त्या चांगल्या होत्या. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, भेटीनं त्याला त्रास होत असावा, घरची आठवण येत असावी. पुढच्या गुरुवारी या, पण त्यानंतर काही दिवस येऊ नका. आपण बघू. "तुम्हाला तोडायचं नाही मला त्याच्यापासून," असंही म्हणाल्या. मी हो म्हणाले. मला तेवढंच येतं. बसमध्ये मात्र माझ्या मनात एकच चाललं होतं. मी गेले तर तो बाहेर येत नाही. मी गेले नाही तर तो बाहेर येईल, पण मग मी कुठे जाऊ?

तो शेवटचा गुरुवार. नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. वार्डात एक नवी सिस्टर आली होती, केरळची. जेसी सिस्टर. मराठी शिकायचा तिला फार नाद. दिसेल त्याला अर्थ विचारायची. बापूरावांनी तिला सांगून ठेवलं होतं की नागपुरात मोठ्या डॉक्टरांना सकाळी "काय बे" म्हणायची पद्धत आहे, आणि ती म्हणालीसुद्धा होती. त्या दिवसापासून ती बापूरावांचा शब्द दुसऱ्या कोणाला तरी विचारून खात्री करून घ्यायची.

वेळ संपली. मी उठले, गुणाच्या पाठीजवळ हात नेला, लावला नाही, कारण त्याला स्पर्श चालत नाही, आणि नेहमीसारखं म्हणाले, "येतो गा गुणा." आमच्याकडे बायाही निघताना येतोच म्हणतात. बापूरावांनी दार उघडलं, मी बाहेर आले, कुलूप लागलं. जेसी सिस्टर माझ्यामागे आली. तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"ताई, येतो मतलब आती हूं, ना?"

मी हो म्हणाले.

"तुम्ही येतो बोलते. मग गेटकडे जाते. मग येत का नाही?"

बापूराव हसले. म्हणाले, "अवं सिस्टर, आपल्याकडं जातो नाई म्हनत. जातो म्हनते तो कायमचा जाते." तिला ते फार गंमतीचं वाटलं. तीही हसली. मग तिनं मागे पाहिलं, आणि मी पाहिलं. जाळीच्या मागे गुणा उभा होता. दोन्ही हातांची बोटं जाळीत, कपाळ जाळीला लावलेलं. मी येतो म्हणाले होते. तो मी येण्याची वाट पाहत होता.

हसणं थांबलं. बापूरावांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. त्यांचं वय वार्डात गेलेलं. ते म्हणाले, "आजपावतो हे ध्यानातच नाई आलं बाप्पा."

माझ्या तर जन्मात आलं नव्हतं. आमच्या घरात तांदूळ संपले असं कोणी म्हणत नसे, तांदूळ वाढले म्हणायचे. बांगडी फुटली नाही, वाढली. दिवा विझवला नाही, वाढवला. आई तांदूळ वाढले म्हणाली की लहानगा गुणा डब्यात वाकून पाहायचा, आत हात घालून चाचपायचा, आणि मग आईकडे पाहायचा. एरवी तो कोणाकडे पाहत नसे. आम्ही हसायचो. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की वाईट गोष्टीला वाईट नावानं हाक मारू नये, ती ओ देते. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. दुधातून आलं होतं. गुणाला तेवढंच आलं नाही. त्याच्या कानाला आमचा शब्द जसा निघाला तसाच पोचे, आणि डबा रिकामा असे.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला आईचं निघणं आठवलं. तिला मौद्याच्या दवाखान्यात नेत होते. छोट्या टेम्पोत खाट घातली होती. मी वाडीहून आले होते, पायाशी बसले होते. गुणा दारात. आईनं मान उचलली आणि त्याला म्हणाली, "येतो बाप्पा गुणा." आली ती झाकलेली आली, आणि ती आई आहे असं त्याला कोणी सांगितलं नाही, त्यानंही मानलं नाही. नंतर मी त्याला वाडीला आणेपर्यंत तो रोज दारात बसायचा. शेजारच्या बाया म्हणायच्या, त्याला काय समजते, त्याला दारातला वारा आवडते. मीही तेच म्हणायची.

तो वाऱ्यासाठी बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दवाखान्यात गेले. वार नव्हता, बोलावणं नव्हतं. मॅडमच्या खोलीबाहेर उभी राहिले, दोनदा परत वळले. तिसऱ्यांदा दार ढकललं. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक उलटसुलट बोलले असेन. जेसी सिस्टरनंही त्यांना सांगितलं होतं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याही आमच्यातल्याच, त्याही घरून निघताना येतो म्हणूनच निघत असणार. मग म्हणाल्या, "जातो म्हणता येईल तुम्हाला?"

मी हो म्हणाले. ते सोपं वाटलं होतं.

आठवडाभर मी पोत्यांना सांगून पाहिलं. टाका घालायचा आणि मनात म्हणायचं, जातो. ओठावर आला की शब्द कडू लागायचा. माझ्या डोळ्यांसमोर लगेच काहीतरी यायचं, ट्रकखाली सापडलेलं कुत्रं, आईची खाट. आपलं तोंड आपलंच ऐकत नाही हे मला तेव्हा कळलं. रविवारी मालक गाडीवर निघाले. पिशवी खांद्याला लावून दारात म्हणाले, येतो. आणि माझ्या तोंडून निघालं, "जा."

ते थांबले. चपला काढल्या, आत आले, खाली बसले, पाणी मागितलं. ड्रायव्हरच्या घरात हा शब्द कोणी काढत नाही. घाटातला माणूस असतो. पाणी पिऊन म्हणाले, "काहून वं, विम्याची वाट पाहून राहिली काय?" मला हसू आलं, आणि मग रडू आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. इतकं मी त्यांच्याशी लग्नानंतर कधी बोलले नसेन. ते ऐकत राहिले. त्यांची गाडी त्या दिवशी उशिरा सुटली. दारात ते पुन्हा उभे राहिले, थोडे घुटमळले. शेवटी काहीच न बोलता गेले.

गुरुवारी गुणाच्या पट्टीवर मॅडमनी दोन नवी चित्रं लावली होती, आणि पट्टी त्या दिवशी भेटीच्या खोलीच्या भिंतीवर आणली होती. एका चित्रात साडीतली बाई फाटकाबाहेर जाते. मग झोपेची, जेवणाची, कामाची चित्रं, आणि शेवटी तीच बाई फाटकातून आत येते. जेसी सिस्टरनं ती काढली होती. बाईच्या नाकात तिनं माझी चमकीसुद्धा काढली होती. आम्ही कूलरसमोर बसलो. कूलर नुकताच भरलेला, गवताचा वास भरून राहिलेला. अर्धा तास इतका लहान कधी नव्हता. मी उठले. बापूराव दाराशी किल्ली धरून उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनाही ऐकवणार नव्हतं.

"गुणा, मी जातो," मी म्हणाले. "गुरुवारी येतो."

गुणानं पट्टीकडे पाहिलं. जाणारी बाई पाहिली. तिच्यावरून बोट फिरवत शेवटच्या चित्रापर्यंत नेलं. मग तो वळला आणि आपल्या खाटेकडे चालत गेला. मी अजून खोलीतच होते. माझ्यासाठी दार उघडायचं होतं, मला बाहेर पडायचं होतं, आणि त्यानं पाठ फिरवली होती. खाटेवर बसून तो चादरीच्या काठाचे धागे सरळ करायला लागला. बापूराव हळूच म्हणाले, "निघा ताई."

त्या संध्याकाळी तो जेवला. शुक्रवारी जागा होता.

सगळं एका दिवसात झालं नाही. पुढे एकदा नव्या अटेंडन्टनं सवयीनं त्याला येतो म्हटलं आणि तो गुरुवार जुन्यासारखा गेला. एकदा मला ऊन लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तरी मी गेले, कारण येतो म्हणून आले होते आणि आता त्या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. बसमध्ये दोनदा ओकले. पण टेंगूळ बसत गेलं, कपाळ साफ झालं. रोहिणी संपली, मृगही सरला, रस्त्यावरचं गवत विकणारे उठून गेले. एका गुरुवारी मी वार्डाच्या दाराशी पोचले तर बापूराव किल्ली न काढताच हसले. म्हणाले, "आता इकडं नाई ताई. मांगच्या घरी."

मी कडुनिंबांखालून मागच्या घराकडे गेले. दार उघडं होतं. आत जाताना मी थांबले, कोणीतरी कुलूप काढेल म्हणून.

हे सगळं चांगलं झालं. मला ते रोज स्वतःला सांगावं लागत नाही, मला ते माहीत आहे. तो वाडीला परत येणार नाही, ट्रकांच्या धुनीत त्याला आणणं म्हणजे पुन्हा तेच. मॅडमही तसंच म्हणतात. तिथे त्याचं बरं चाललं आहे. पण एक गोष्ट मी कोणाला बोलू शकत नाही. बोलले तर लोक म्हणतील, ही कशी बाई. त्या वाईट गुरुवारांत या जगात एक माणूस माझ्यासाठी उभा होता. उपाशी उभा होता. मी खिडकीकडे तोंड करून बसमध्ये बसलेली असायचे, पोती शिवत असायचे, भाकर थापत असायचे, आणि तिकडे एक माणूस जाळीत बोटं घालून माझी वाट पाहत असायचा. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. माहीत झालं त्याच दिवसापासून ते थांबवायला मी निघाले. इतकी वाट आता माझी कोणी पाहणार नाही. कोणी पाहूही नये. मालक येतात, जातात. घरी आले की आधी कूलरसमोर झोपतात. आमच्या गल्लीत सगळे एकमेकांना येतो म्हणतात आणि जातात, आणि कोणालाच त्यात खोटं वाटत नाही. माझ्या तोंडून मात्र हल्ली चुकून जातो निघतं. शेजारच्या कमलबाई दटावतात, "असं नाई म्हनत वं पोरी, तोंडात सुपारी ठेव." मी हसते. त्यांना कसं सांगू की जातो हा आमच्या दोघांमधला सगळ्यात प्रेमाचा शब्द आहे?

परवाच्या गुरुवारी गेले होते. ऊन पुन्हा तसंच कडक. रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली गुणा काळ्या पिशव्यांत माती भरत होता. भरतो, ठोकतो, रांगेत ठेवतो. त्याच्या केसांत थोडे पांढरे आले आहेत. बंडी मी नेलेली, मानेला काही न टोचणारी. मी त्याच्याजवळ मातीच्या ढिगाशी बसले. लांब कुठे तरी कोकीळ ओरडत होती, आणि ओल्या मातीवर फुलपाखरं बसत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मी उठायच्या आधीच त्यानं रांगेतली पिशवी सरळ केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई जा."

शेजारी काम करणारा सोबतीचा माणूस चरकला. आलेल्या माणसाला असं कोणी म्हणतं का, म्हणून तो गुणाला समजावायला निघाला. मी हातानं त्याला थांबवलं.

गुणानं आणखी एक पिशवी उचलली. ठोकली. ठेवली.

"गुरुवारी ये," तो म्हणाला.

सबंध आयुष्यात त्यानं मला ये म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी बरं म्हणाले आणि निघाले. फाटकाबाहेर आल्यावर सावली नसलेल्या रस्त्यावर उभी राहिले. मागे वळून पाहिलं. फाटक उघडं होतं, कडुनिंब हलत नव्हते, वाटेवर कोणी नव्हतं. असायचं नव्हतंच. तरी मी उभी राहिले, किती वेळ ते कळलं नाही. फाटकावरच्या चौकीदारानं डोक्यावरचा ओला गमछा सारखा केला आणि विचारलं, "काय बाई, आत काही राहिलं काय?"

नाही म्हणायला मला थोडा वेळ लागला. मग मी चालायला लागले.